वेताळाला रूप देणारी चित्रशाळा : ‘चांदोबा’ची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की पुढे काय काय येणार ते वाचकाला आधीच ठाऊक असते. भाड्याची खोली, पहिली वर्गणी, दानशूर मंडळींची नावे, मग स्वतःची इमारत आणि मग रौप्यमहोत्सव. ‘चांदोबा’चा इतिहासही थोडाफार याच वळणाने जातो. फरक इतकाच की या संस्थेची इमारत आटपाडीत नव्हती, सांगलीत नव्हती, पुण्या-मुंबईतही नव्हती. ती मद्रासच्या वडपळनी भागात होती आणि आमच्यापैकी कोणी तिची पायरी चढलेला नाही. तरीही तिथल्या चित्रकारांनी कागदावर उतरवलेला वेताळ आमच्या आटपाडी तालुक्यातल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली सुरू झाला. म्हणजे २०२७ साली अमृतमहोत्सव. मासिक आज निघत नसले तरी वाचक हयात आहेत, आणि स्मरणिका काढायला तेवढे पुरते, असे आम्हा जुन्या मंडळींचे मत पडले.

माणदेशाला वेताळ नवा नव्हता. गावाबाहेर, शिवेवर किंवा ओढ्याच्या काठाला शेंदूर फासलेला दगड, भोवती लहान दगडांचे रिंगण, अमावस्येला फुटणारा नारळ. रात्री त्याची पालखी निघते, दिवट्या दिसतात, वाटेत आडवे जाऊ नये, हे सगळे घरोघरी सांगत. पण तो दिसतो कसा, असे विचारले की आजी म्हणे, “बघायला गेलेला सांगायला परत येतोय व्हय?” विषय तिथेच संपे. हातपाय नाहीत, केस नाहीत, डोळे नाहीत. भीती होती, रूप नव्हते. रूप पुढे टपालाने आले, दर महिन्याला, रंगीत.

चित्रांची ओळख मात्र इथे आधीपासून होती, हेही नोंदवले पाहिजे. आटपाडी हा औंध संस्थानचा तालुका. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली छापून निघाले, आणि औंधच्या टेकडीवरचे चित्रसंग्रहालय १९३८ सालचे. कथा चित्रांतून सांगावी आणि त्यात राजाने हात काळे करून घ्यावेत, हे ज्या मुलखाने पाहिले होते त्या मुलखात पुढे ‘चांदोबा’ आला. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर आधी चित्रकार व्हायला निघाले होते आणि लेखक झाल्यावरही त्यांनी रेखाटन सोडले नाही, हेही याच मातीतले.

स्थापना : १९४७ ते १९५२

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे दोघे या संस्थेचे संस्थापक. नागी रेड्डी मुळात छापखानेवाले, चक्रपाणी लेखक. पुढे दोघांनी मिळून विजया प्रॉडक्शन्स उभी केली. ‘पाताळ भैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबाजार’ (१९५७) हे त्यांचे चित्रपट दक्षिणेत आजही आवडीने पाहिले जातात. मांत्रिक, राक्षस, मायावी महाल हा त्यांचा दोन्हीकडचा माल होता. पडद्यावर एकदा आणि कागदावर एकदा, इतकेच.

जुलै १९४७ मध्ये, देश स्वतंत्र व्हायला महिनाभर असताना, तेलुगूत ‘चंदामामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलीमामा’ निघाला. १९४९ मध्ये कानडी आणि हिंदी आवृत्त्या आल्या. मराठी ‘चांदोबा’ १९५२चा. त्यानंतर गुजराती, इंग्रजी, ओडिया करत करत यादी वाढतच गेली.

या पसाऱ्यामागची युक्ती साधी होती. गोष्ट आधी तेलुगूत लिहायची, मग प्रत्येक भाषेच्या माणसाने ती आपल्या भाषेत आणायची. चित्र मात्र एकदाच काढायचे. तेच चित्र सगळ्या भाषांत, त्याच पानावर, त्याच जागी. मजकूर त्याच्या कडेकडेने बसवायचा. म्हणजे अनुवादकाला चित्राच्या मापाने लिहावे लागे आणि चित्रकाराला असे चित्र काढावे लागे की ते आटपाडीच्या पोराला, गुंटूरच्या पोराला आणि कटकच्या पोराला सारखेच कळावे. भाषेच्या आधाराशिवाय ज्याला उभे राहायचे ते चित्र अधिक बोलके होते, असे आमचे निरीक्षण आहे. प्रत्येक पानावर चित्र हवेच, हा तिथला दंडक. त्या काळातल्या आमच्या शाळेच्या पुस्तकांत धड्याला एखादे चित्र मिळाले तरी नशीब समजायचे.

१९५२ सालीच संपादनाची सूत्रे कोडवटिगंटी कुटुंबराव यांच्याकडे आली आणि १९८०पर्यंत, म्हणजे ते गेले तोवर, त्यांच्याकडेच राहिली. तेलुगूतले मोठे कथाकार, विचाराने पक्के बुद्धिवादी. भुताखेतांवर कवडीचा विश्वास नसलेल्या माणसाने अठ्ठावीस वर्षे वेताळ, ब्रह्मराक्षस आणि मांत्रिकांच्या गोष्टी हाताखालून घातल्या. आम्हाला यात विसंगती वाटत नाही. भूत खरे मानणारा माणूस त्याच्याकडून इतके शिस्तीत काम करून घेऊच शकला नसता.

पन्नाशीचे दशक : स्मशान आणि कायदा

चित्रशाळेत या दशकात जमलेली मंडळी अशी : ‘चित्रा’ या नावाने काम करणारे टी. व्ही. राघवन, एम. टी. व्ही. आचार्य, मुखपृष्ठे रंगवणारे वड्डादि पापय्या आणि के. सी. शिवशंकरन, म्हणजेच ‘शंकर’. पापय्या ‘वपा’ अशी सही करत. मराठी माणसाला वपु पुढे भेटले, ‘चांदोबा’च्या वाचकाला वपा आधी. आणि हे शंकर म्हणजे ‘शंकर्स वीकली’चे व्यंगचित्रकार नव्हेत, हेही सांगून ठेवतो, कारण हा घोळ आमच्याकडे नेहमी होतो.

शंकर यांचा जन्म १९२४चा, तमिळनाडूतल्या खेड्यातला. शिक्षण मद्रासला. तिथल्या कलाशाळेत देवीप्रसाद रायचौधरी यांच्या हाताखाली ते शिकले आणि १९४६ साली बाहेर पडले. रायचौधरींचे मरीना किनाऱ्यावरचे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प अनेकांनी पाहिले असेल : चार माणसे पहार लावून प्रचंड धोंडा हलवताहेत आणि प्रत्येकाच्या पाठीचा, मांडीचा स्नायू ताणलेला आहे. शंकर यांचा विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो तेव्हा त्याच्या अंगात हेच ओझे दिसते. गुरूकडून हे आले असे आम्ही छातीठोक म्हणत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. सुरुवातीला शंकर तमिळ ‘कलैमगळ’मध्ये होते, मग १९५०च्या पुढेमागे ‘चांदोबा’च्या चित्रशाळेत आले ते मासिक बंद पडेपर्यंत तिथेच राहिले.

वेतालपंचविंशतीच्या मूळ कथा पंचवीस. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्या ‘कथासरित्सागरा’त घेतल्या. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ १८३० सालीच आणली होती. दोन पुरुषांची डोकी अदलाबदल होऊन बसतात आणि मग बायकोचा नवरा कोणता, असा पेच पडतो ती गोष्ट याच पंचविशीतली. थॉमस मानने तिच्यावर कादंबरी लिहिली, गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ हे नाटक. पण महिन्याला एक या हिशेबाने पंचवीस गोष्टी दोन वर्षांतच संपतात. म्हणून ‘चांदोबा’ने चौकट तेवढी जुनी ठेवली आणि आत नव्या गोष्टी घालायला सुरुवात केली. वेताळ त्याच झाडावर, राजा तोच, गोष्ट दर महिन्याला वेगळी. हे दशकानुदशके चालले. वेताळाकडे गोष्टी संपल्या असे कधी झाले नाही.

आता चौकटीकडे नीट पाहू, कारण सगळे कसब तिथे आहे. अंधारी रात्र, वेडेवाकडे झाड, उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. हे झाले पहिले पान. त्यानंतर प्रेतातला वेताळ बोलू लागतो आणि आपण एखाद्या राजवाड्यात, बाजारपेठेत, आश्रमात जाऊन पोहोचतो. आतली गोष्ट बहुधा भीतीची नसतेच. कुणी दान दिले, कुणी वचन मोडले, राजकन्या कुणाला द्यावी, चूक कुणाची, असा पेच असतो. शेवटी प्रश्न. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल, आणि बोललास तर मौन मोडले. राजा बोलतो, वेताळ प्रेतासकट झाडावर. म्हणजे भीती पहिल्या आणि शेवटच्या पानावर, आणि मध्ये न्यायनिवाडा. पोराला स्मशानातून चालवत नेऊन त्याच्याकडून विचार करून घ्यायचा, असा हा बेत होता.

याच सुमारास अमेरिकेत नेमके उलटे चालले होते. १९५०पासून विल्यम गेन्स यांच्या ईसी कंपनीने ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘व्हॉल्ट ऑफ हॉरर’, ‘हाँट ऑफ फिअर’ ही भयकथांची कॉमिक्स काढली. त्यांनाही चौकट होती. तळघराचा राखणदार किंवा म्हातारी चेटकीण गोष्ट सांगायला येई. पण ते राखणदार थट्टामस्करी करत आणि भयंकर काय ते आतल्या गोष्टीत असे : कुजलेले देह, सूड घ्यायला थडग्यातून उठलेले मुडदे. ग्रॅहम इंगल्स नावाचे त्यांचे चित्रकार ‘घास्टली’ अशीच सही करत. कुजणे रेघेतून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वेर्टम यांचे पुस्तक आले, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. चालते मुडदे, रक्तपिपासू, पिशाच्चे सगळे हद्दपार. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ शब्द वापरायलाही बंदी. ईसीची भयमासिके मिटली.

त्याचे पडसाद दिल्लीपर्यंत आले. भारताने १९५६ साली मुलांसाठी घातक असलेल्या प्रकाशनांविरुद्ध कायदाच केला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य, किळसवाणे किंवा भयंकर प्रसंग दाखवून मुलांना बिघडवणारी चित्रे आणि गोष्टी त्यात येतात. त्याच काळात ‘चांदोबा’ खांद्यावर प्रेत घेऊन घरोघरी जात होता. शिक्षकांच्या टेबलावर होता, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात होता. त्याला कुणी हटकल्याचे आम्ही ऐकले नाही. प्रेत पुराणातले असले की सरकारही वाट देते, असा एक अर्थ काढता येईल. दुसरा अर्थ आम्हाला अधिक पटतो. शंकर किंवा चित्रा यांनी काढलेल्या प्रेतात किळस नाही. हात लोंबतात, केस सुटलेले आहेत, पण देह देहच राहतो. त्याची विटंबना नाही.

साठीचे दशक : रेघ

संस्थेच्या इतिहासात साधारणपणे हे दशक ‘भरभराटीचे’ म्हणून दोन ओळींत उरकले जाते. आम्ही इथे थोडे थांबतो.

या दशकातला कोणताही वेताळाचा अंक घ्या आणि शंकर यांच्या एका चित्रावर भिंग धरा. रेघ काळी, कुंचल्याची. झाडाच्या बुंध्यावर ती जाड सुरू होते आणि फांदीच्या टोकाला केसाएवढी होऊन संपते. रंग नंतर छपाईत भरलेले, सपाट. त्यामुळे उजेड-अंधाराचे सगळे काम रेघेलाच करावे लागते. राजाच्या दंडावरचा बाजूबंद, कमरेचा शेला, मुकुटाची नक्षी प्रत्येक चित्रात पुन्हा पुरी काढलेली. दरबार असेल तर खांबावरचे कोरीवकाम आहे, मागे उभ्या शेवटच्या शिपायालाही स्वतःचे नाक आहे. बाजार असेल तर भांड्यांचे आकार वेगवेगळे. समोर मॉडेल बसवून नव्हे, मनातूनच ते काढत, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. मजकुराने चित्राला कोपऱ्यात दाबले असेल तिथेही पार्श्वभूमी अर्धवट सोडलेली नाही.

चित्रा यांची तऱ्हा वेगळी. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या क्रमशः कादंबऱ्या त्यांच्या वाट्याला येत. मांत्रिक, पाताळ, अजस्र पक्षी, अर्धे माणूस अर्धे श्वापद. तिथे चित्रा यांची कल्पना सुसाट सुटे. शंकर यांचे भूत तुमच्या गावच्या वाटेवर भेटेल असे वाटे. चित्रा यांचे राक्षस मात्र अशा मुलखातले की तिथे जायला होडीच हवी. आमच्यात यावरून तेव्हाही दोन तट होते, आजही आहेत. प्रस्तुत लेखक शंकर यांच्या बाजूचा आहे, हे एव्हाना लक्षात आलेच असेल.

अंक आटपाडीत एस.टी.ने येई. गठ्ठा सुटायच्या आत मुले स्टँडवर हजर. विकत घेणारे थोडे, वाचणारे पुष्कळ. एक अंक गल्लीभर फिरे आणि परत येई तेव्हा वेताळाचे पान सुटलेले असे, कारण तेच पान जास्त उलटले गेलेले. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांच्या बाजारात थोरली माणसे सौद्यात गुंतली की धाकटी झाडाखाली जुने अंक घेऊन बसत. फोटोला ओळ सुचवण्याची स्पर्धा मासिकात असे. तिला पोस्टकार्ड धाडून पुढचे दोन महिने टपालवाल्याची वाट पाहणे हाही एक उद्योग होता.

याच दशकात, १९६४ साली, टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली, आणि तिचा नायक फँटम मराठीत वेताळ या नावानेच आला. कवटीची गुहा, कवटीची अंगठी. दोन वेताळ एकाच दप्तरात राहू लागले. गोंधळ कुणाचाच झाला नाही. एक ठोसा मारी, दुसरा प्रश्न विचारी.

सत्तरीचे दशक

१९७२चा दुष्काळ आटपाडीला नव्याने सांगायला नको. सुकडी, खडी फोडण्याची कामे, छावण्या. घरात पैसा नसला की पहिली कात्री मासिकाच्या वर्गणीला लागते. त्या वर्षांतले अंक आमच्या संग्रहात तुटकतुटक आहेत. नेमके त्याच सुमारास, १९७१ साली, बालभारतीचे ‘किशोर’ सुरू झाले आणि मराठी मुलांना आपल्या घरचे चांगले मासिक मिळाले. ‘किशोर’ने पुष्कळ काही दिले. वेताळ मात्र तिकडे गेला नाही.

मद्रासला या काळात संस्थेने आणखी भाषांत पाऊल टाकले : बंगाली, पंजाबी, असमिया, आणि समुद्रापलीकडे सिंहली. १९७५ साली चक्रपाणी गेले. १९७८ साली चित्रा गेले.

इथे कार्यकर्त्यांच्या ऋणाविषयी लिहिणे भाग आहे. ‘चांदोबा’त गोष्टींवर लेखकाचे नाव नसे. चित्रकाराची बारीक सही कोपऱ्यात सापडे, तेवढीच. मराठी मजकूर कोणी लिहिला, कोणी तपासला, तेलुगूतला ‘बावा’ कोणी ‘मेहुणा’ केला, ब्राह्मणाला ‘भटजी’ म्हणायचे की ‘पंडित’ हे कोणी ठरवले, हे सारे अनामिक. मद्रासमध्ये राहून मराठी सांभाळणाऱ्या त्या मंडळींची भाषा किंचित पुस्तकी होती, वाक्ये थोडी आखीव. पण तिच्यामुळेच माणदेशी बोलणाऱ्या पोरांच्या कानावर शुद्ध लेखी मराठी न मारता-मुटकता पडली. आमच्या कित्येक शिक्षकांना हे श्रेय द्यायला आवडणार नाही, तरी खरे आहे. ब्लॉक करणारे, रंग लावणारे, गठ्ठे बांधणारे, एजंट, कंडक्टर यांचाही या संस्थेत वाटा आहे.

ऐंशीचे दशक

१९८० साली कुटुंबराव गेले. १९८४ साली संस्कृत ‘चन्दमामा’ सुरू झाला. १९८५मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ आली. अरुण गोविल राजा, सज्जन बेताल. टीव्ही असलेल्या घराची ओसरी त्या वेळी पुरत नसे. मालिका आम्ही आवडीने पाहिली, पण खरे सांगायचे तर पांढरे केस लावलेला तो बेताल पाहून भीती कुणाला वाटली नाही. तो हसे, लटके, बडबडे. छापील वेताळाच्या पुढे तो फिका पडला, याचे कारण वाचकांनी आधीच मनात एक मद्रासी वेताळ पक्का करून ठेवला होता.

मराठीत तोवर भयकथेला बरे दिवस आले होते. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांची पुस्तके वाचनालयात जागेवर नसत. धारपांचा वाचक बहुधा आधी ‘चांदोबा’चा वाचक असे, हे कुठल्याही ग्रंथपालाला विचारावे. देवघेवीच्या वहीत एकाच मुलाच्या नावापुढे आधी ‘चांदोबा’ आणि दोन-तीन वर्षांनी धारप, असा प्रवास सरळ दिसतो.

अमेरिकेतही आचारसंहितेचा पाश सैल झाला होता. ईसीची जुनी मासिके लहानपणी वाचून वाढलेले बर्नी राइटसन यांनी १९७१ साली ‘स्वॅम्प थिंग’ उभा केला, आणि मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’साठी वर्षानुवर्षे राबून काढलेली त्यांची टाकाची चित्रे १९८३ साली ग्रंथात आली. एका चित्रात प्रयोगशाळेतल्या शेकडो बाटल्या, आणि प्रत्येक बाटली वेगळी. शंकर यांच्या बाजारातली भांडी आठवावीत. एकमेकांचे काम त्यांनी पाहिले असेल असे वाटत नाही. पण भुताला खरे करायचे तर आधी त्याच्या भोवतालच्या निर्जीव वस्तू खऱ्या कराव्या लागतात, हे दोघांनाही कळले होते.

नव्वदीचे दशक

केबल आली, वाचक पातळ झाला. संस्थेतही काही अंतर्गत अडचणी उद्भवल्या. त्यांचा तपशील स्मरणिकेत देण्याची प्रथा नाही, आणि ती चांगली प्रथा आहे. १९९८ साली मासिक बंद पडले आणि १९९९च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. नागी रेड्डी यांचे चिरंजीव विश्वनाथ रेड्डी यांनी त्यात पुढाकार घेतला. शंकर त्या वेळी पंचाहत्तरीचे होते. त्यांनी पुन्हा कुंचला उचलला. ‘वपा’ मात्र १९९२ सालीच गेले होते.

२००० ते २०२० : उतरती कळा आणि सन्मान

२००४ साली नागी रेड्डी गेले. त्याच वर्षी संताळी आवृत्ती निघाली. जाता जाता नवी भाषा जोडणारी दुसरी संस्था आमच्या माहितीत नाही. २००७ साली मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने ‘चांदोबा’ विकत घेतला. कागद गुळगुळीत झाला, संगणकावरची चित्रे आली, मजकुरात विज्ञान आणि सामान्यज्ञान शिरले. काळाप्रमाणे बदलले पाहिजे हे मान्य. पण त्या चकचकीत पानांत शंकर यांचे हाताचे चित्र आले की बाकीची पाने उपरी वाटत. साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा विशेष ग्रंथही निघाला.

२०१३च्या सुमारास अंक यायचे थांबले. निरोपाचा अंक नाही, संपादकांचे दोन शब्द नाहीत. वर्गणीदार काही महिने वाट पाहून गप्प बसले. विक्रमाने या खेपेला नेमके कुठे मौन मोडले ते आम्हाला कळलेच नाही.

जुन्या चित्रशाळेतले शेवटचे शंकर. अंक थांबायच्या वेळी ते नव्वदीला टेकले होते. २९ सप्टेंबर २०२० रोजी, शहाण्णवाव्या वर्षी, ते गेले. त्या दिवशी मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया माणसांनी मोबाइलवर एकमेकांना एकच चित्र धाडले. कुणालाही चित्राखाली ओळख सांगणारा मजकूर लिहावा लागला नाही. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

सद्यःस्थिती

मासिक नाही, वेताळ आहे. निवडणुकीच्या दिवसांत व्यंगचित्रकाराला युतीतले दोन पक्ष दाखवायचे झाले की तो हमखास एकाला दुसऱ्याच्या खांद्यावर घालतो, आणि मागे झाड काढतो ते शंकर यांच्याच वळणाचे. जुन्या अंकांच्या संगणकीय प्रती हौशी संग्राहकांमुळे फिरतात. मूळ अंक रद्दीत मिळेनासे झाले आहेत आणि मिळाले तर रद्दीवाला आता किंमत जाणतो. टेंभू योजनेचे पाणी तालुक्यात आले, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, शिवेवरच्या वेताळाला काही गावांत फरशी आणि पत्र्याची शेड मिळाली. एका ठिकाणी भाविकांनी दगडामागच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून चित्र काढून घेतले आहे : दाढीवाला राजा, तलवार, खांद्यावर प्रेत. रंगाऱ्याला नमुना कुठला म्हणून विचारले, तर तो म्हणाला, “नमुना कशाला? वेताळ असाच असतोय की.”

वाचकांना विनंती : १९५२ ते १९६० या काळातले मराठी अंक आमच्याकडे जवळजवळ नाहीत. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, फडताळात असतील तर ते फाटके असले तरी चालतील, मुखपृष्ठ नसले तरी चालेल. वेताळाचे पान सुटलेले असेल तर तेवढे वेगळे कागदात घालून द्यावे. अंक जसेच्या तसे परत हवे असल्यास आम्ही स्कॅन करून आठवड्याच्या आत घरपोच करू. बांधणीसाठी खळ आणि जाड पुठ्ठा जमवलेला आहे.